तळ्याकाठच्या घराची तिसरी चिठ्ठी

१

शनिवारी सकाळी कचऱ्याची गाडी आली आणि आमचा कचरा न घेताच निघून गेली.

मी खिडकीतून बघत होते. गाडीवाल्याने मागच्या अंगणातले तिन्ही डबे फाटकापर्यंत ओढत नेले. एकेका डब्यातली पिशवी अर्धी वर उचलून त्याने बाजूने नीट पाहिली. काचेचा डबा तेवढा रिकामा केला. उरलेल्या दोन डब्यांवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि ते भरलेलेच परत आणून ठेवले.

आई हातातलं पीठ न झटकताच बाहेर धावली. चिठ्ठी तिने मोठ्याने वाचली.

"मिसळलेला कचरा. तिसरी नोंद. सोमवारी सकाळी दहा वाजता निरीक्षक येतील. समाधानकारक खुलासा न मिळाल्यास पाहुणे ठेवण्याचा परवाना हंगामभर रद्द."

तिने ती पुन्हा वाचली. जणू दुसऱ्या वेळी मजकूर बदलणार होता.

आमचं घर तळ्याकाठी आहे. खाली आम्ही तिघं राहतो, आई, बाबा आणि मी. वरच्या तीन खोल्या सुट्टीवर आलेल्या पाहुण्यांना देतो. पाहुण्यांनी कचरा वेगळा करून टाकायचा, हा इथला कडक नियम. आईने तर भिंतीवर अकरा नियमांची पाटीच लावलीय. महिन्याभरापूर्वी पालिकेने सगळ्यांना नवे डबे दिले. आधीच्या डब्यांवर मोठ्या अक्षरांत 'ओला', 'सुका', 'काच' असं लिहिलेलं असायचं. पण पाहुणे येतात जगभरातून, वाचणार कोण? म्हणून नव्या डब्यांवर एकही अक्षर नाही. तिन्ही डबे राखाडी, फरक फक्त झाकणांत. हिरव्या झाकणात ओला, लालमध्ये कागद-प्लास्टिक, निळ्यात काच. उंदीर शिरू नयेत म्हणून तोंडाशी चीर दिलेला जाड रबरी पडदा. कचरा त्यातून आत ढकलायचा. आत काय पडलंय ते वरून दिसत नाही.

नवे डबे आल्यापासून चार शनिवार झाले, आणि त्यांत तीन चिठ्ठ्या. आधीच्या दोन्ही वेळा आईने पिशव्या अंगणात पालथ्या केल्या होत्या, नाकाला फडकं बांधून सगळं निवडलं होतं आणि निवडता निवडता अख्ख्या मानवजातीचा उद्धार केला होता.

या वेळी ती ओरडली नाही. पिठाचे हात कमरेवर ठेवून तिने वर आमच्या पाहुण्या मास्तरांच्या खिडकीकडे पाहिलं. आईचं ओरडणं मला चालतं. तिचं असं गप्प बघणं म्हणजे कुणाची तरी धडगत नव्हती.

२

दुपारच्या बसने आत्या आली. बाबांची थोरली बहीण. सुट्टीत दहा दिवस राहायला म्हणून आली होती. तिने पिशवी खाली ठेवली तेव्हा घरात हे चाललं होतं: जिन्यात मास्तर आपली पेटी घेऊन उभे, खाली आई वाट अडवून उभी, आणि मधल्या पायरीवर बाबा दोघांकडे आळीपाळीने बघत उभे.

मास्तर म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. नऊ वर्षं दर हंगामात आमच्याकडे येतात. या वेळी महिनाभरासाठी आले होते.

"नऊ वर्षं!" ते म्हणत होते. "आणि आज मला विचारता, डब्यात हात कशाला घातलात? मी चाललो."

"घातला होतात की नाही?" आई म्हणाली. "गुरुवारी, कोपरापर्यंत. मी या डोळ्यांनी पाहिलंय."

"घातला होता."

"कशाला?"

मास्तरांचे कान लाल झाले. "ते मी सांगणार नाही."

आत्याने चप्पल काढली, पदराने घाम टिपला आणि विचारलं, "काय हरवलंय?"

"काही हरवलं नाही, वन्सं," आई म्हणाली आणि तिला रडू आलं. "उलट नको ते सापडतंय."

आत्याने टपाल खात्यात एकतीस वर्षं काढली, सगळी पत्रांच्या छाननीत. अर्धवट पत्ता, पुसट शिक्का, भलत्याच गावचं नाव असं काहीही असलं तरी ती पत्र योग्य घरी पोचवायची. तिचं सगळं ऐकून घेणं वेगळंच असतं. ऐकताना ती बोटांनी हवेत कप्पे करते. आईचं बोलणं संपेपर्यंत तिने गुडघ्यावर चार कप्पे केले.

"मास्तर," ती म्हणाली, "तुम्ही आज गेलात तर सगळे म्हणतील, तुम्हीच केलंत. सोमवारपर्यंत थांबा. नाहीच उलगडलं तर पेटी मी स्वतः बसपर्यंत उचलून देईन."

मास्तर पेटीवरच बसले. म्हणाले, "सोमवारी साडेदहाची बस आहे."

३

आत्याने चौकशी सुरू केली ती चहाचा ट्रे घेऊन. म्हणाली, "चहा देणाऱ्याला कुणी 'नंतर या' म्हणत नाही."

आधी आम्ही बागेकडच्या खोलीत गेलो. तिथे दहा दिवसांपूर्वी आलेलं नवं जोडपं होतं. दार उघडं होतं आणि आत वाद रंगला होता.

"दोरा सुका आहे."

"दोरा चहात बुडालाय. बुडाला म्हणजे ओला."

कपात बुडवायच्या चहाच्या पुडीचा दोरा कुठल्या डब्यात टाकायचा, यावरून त्यांचं लग्नानंतरचं पहिलं भांडण चालू होतं. टेबलावर जेवणाचे रिकामे डबे धुऊन, पुसून, एकात एक घालून ठेवलेले. आत्याने ते पाहिलं, दोऱ्यावर आपलं मत द्यायला नकार दिला आणि बाहेर आली.

"हे नाहीत," ती म्हणाली. "शिवाय पहिली चिठ्ठी आली तेव्हा यांचा पत्ताही नव्हता."

मागच्या खोलीत चित्रकार बाई. साठीच्या आसपास, केसांत ब्रश खोचलेला, पाच आठवडे मुक्काम. भिंतीला टेकून एक मोठं चित्र वाळत होतं. तळ्यापलीकडचं कुरण, आणि त्यात शेकडो लाल फुलं. बघूनच डोळे निवले.

"तुमचे भाऊ फार मिस्कील आहेत हं," बाई आत्याला म्हणाल्या. "परवा नळ दुरुस्त करायला आले होते. या चित्रासमोर चांगली पाच मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, 'सुंदर आहे. पण एवढं मोठं कुरण काढलंत, एखादं फूलही काढायचं होतं.' मी इतकी हसले!"

"तो हसला का?" आत्याने विचारलं.

बाई थांबल्या. "नाही हो. म्हणून तर मला जास्तच हसू आलं."

आत्याने आपल्या कपातला चहा एका घोटात संपवला. "कचऱ्यात तुम्ही काय टाकता?"

"फसलेली चित्रं. दिवसाला दोन-तीन. फाडत नाही, नुसती चुरगळते. आणि टाकते लाल झाकणातच."

खाली येताना मी आत्याला म्हटलं, "मग राहिले फक्त मास्तर."

"आता पिशव्या बघू," ती म्हणाली. "आणि आईला सांग, एकही पिशवी पालथी करायची नाही. केलीस तर मी जेवणार नाही म्हणावं."

४

पालिकेच्या नियमाप्रमाणे पिशव्या पारदर्शक असतात. आम्ही दोघींनी हिरव्या झाकणाच्या डब्यातली पिशवी अलगद बाहेर काढून ओट्यावर उभी केली. मग लाल झाकणाची. आत्या खुर्ची घेऊन त्यांच्यासमोर बसली. चिठ्ठी लावणाऱ्याने आणि आईने पाहिलं ते एवढंच, की कचरा मिसळलाय. आत्याने पाहिलं ते वेगळं.

"हा मिसळलेला कुठे आहे?" ती म्हणाली. "हा तर थरांत आहे."

मी वाकून पाहिलं. हिरव्या झाकणाच्या पिशवीत तळाशी कागद, खोकी, प्लास्टिकच्या बाटल्या होत्या. अगदी स्वच्छ, एक साल नाही. मध्यावर जणू कुणी पट्टीने रेघ ओढलेली, आणि त्यावर सालं, माशांचे काटे, चहाचा चोथा. तिथेही एक कागद नाही. लाल झाकणाच्या पिशवीत बरोबर उलटं. खाली सालं, वर खोकी.

"टपालाच्या थैलीत सगळ्यात वर असतं ते सगळ्यात शेवटी टाकलेलं पत्र," आत्या म्हणाली. "ही रेघ कोणत्या दिवशीची ते शोध."

मी प्लास्टिकच्या बाजूने डोळे लावले. लाल झाकणाच्या पिशवीत रेघेच्या लगेच वर जोडप्याची नौकेची दोन तिकिटं होती. तारीख बुधवारची, दुपारची फेरी. दुसऱ्या पिशवीत रेघेच्या खाली, कागदांच्या अगदी वरच्या थरात, बुधवारी सकाळचं वर्तमानपत्र.

"बुधवार!" मी ओरडले. "बुधवारी सकाळी वाचून टाकलेला पेपर रेघेखाली, आणि दुपारच्या फेरीची तिकिटं रेघेवर."

"म्हणजे आजच्या झाकणांप्रमाणे, बुधवारी सकाळपर्यंत या घरातल्या एकूण एक माणसाने कचरा चुकीचा टाकला, आणि दुपारपासून एकूण एक माणसाने बरोबर टाकला. तुझ्या आईनेसुद्धा. तळाची ही बटाट्याची सालं तुमच्याच स्वयंपाकघरातली ना? सगळ्यांची डोकी एकाच दुपारी फिरतील का गं?"

"मग?"

"माणसं नाही फिरली. डबे फिरले." ती थांबली. "पण त्याआधी एक सांग. बाईंनी दिवसाला दोन-तीन चित्रं टाकली, तर या दोन पिशव्यांत एक तरी चित्र दिसतंय का?"

एकही नव्हतं.

आम्ही वर गेलो. मास्तर पेटीवरच बसून पुस्तक वाचत होते.

"मास्तर," आत्या हळू आवाजात म्हणाली, "पेटी उघडता का? मी कुणाला सांगणार नाही."

त्यांनी बराच वेळ किल्ली शोधली, ती खिशातच होती. पेटीत शर्टांच्या वर एक जाडजूड नकाशांचं पुस्तक होतं, आणि त्याच्या पानापानांत, सुरकुत्या मोडून सपाट केलेली चित्रं. तळं, नौका, खुर्चीत डुलकी घेणारे खुद्द मास्तर.

"फेकून देण्यासारखी नाहीत हो ती," ते म्हणाले. "विचारायचा धीर झाला नाही."

दार ओढून घेताना आत्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. "हे गृहस्थ डब्यातून काढतात, टाकत नाहीत. सुटले." मग तिने जिन्यातच मला थांबवलं. "बुधवारी दुपारी डब्यांचं काय करतात?"

"झाकणं धुतात. माशा फार होतात म्हणून. बाबा धुतात."

"दर बुधवारी?"

"हो. म्हणजे मधल्या एका आठवड्यात ते काकांच्या घराचं छप्पर बघायला गेले होते, तेव्हा मी धुतली."

"आणि त्या शनिवारी चिठ्ठी आली?"

मी हिशोब केला. "नाही. तेवढ्याच शनिवारी नाही आली."

आत्या जिन्याच्या पायरीवर बसली. एकतीस वर्षांत कुठलंही पत्र पोचवायला ती कचरली नसेल, पण आता तिचं मन होईना.

"उत्तर मिळालं," ती म्हणाली. "पण ते त्याच्या तोंडून यायला हवं."

५

रविवारी सकाळी बाबा परसात टोमॅटो तोडत होते. आत्या टोपली धरून त्यांच्याशेजारी उभी राहिली. मी वाफ्याच्या या बाजूला भेंडीतलं तण काढत होते, म्हणजे तसं दाखवत होते.

बाबा प्रत्येक टोमॅटो आधी दाबून बघत, मग हुंगत, मग तोडत. लहानपणापासून मी त्यांना असंच तोडताना पाहिलंय. मला वाटायचं, जाणकार लोक असंच करतात.

"लाल दिसत नाहीत का रे तुला?" आत्याने विचारलं.

बाबांचा हात टोमॅटोवरच राहिला.

"झाकणं कशी लावतोस? क्रमाने ना?"

"हो," बाबा म्हणाले. "डावीकडून एकेक काढतो, त्याच क्रमाने भिंतीला टेकवतो, पाणी मारतो. वाळली की उचलून त्याच क्रमाने लावतो. त्यात काय चुकणार?"

"उचलतोस एकेक, की एकदम?"

"एकदम. एकावर एक ठेवून."

"डावीकडून उचलत गेलास तर पहिलं झाकण गठ्ठ्यात सगळ्यात खाली जातं. मग लावताना वरचं, म्हणजे शेवटचं, आधी हातात येतं. गठ्ठा उलटा होतो रे राजा. नवीन लागलेला प्रत्येक कारकून पहिल्या आठवड्यात हेच करतो. मधलं निळं जागच्या जागी राहतं, कडेची दोन बदलतात. दुसऱ्या कुणालाही ते लावतानाच दिसलं असतं." तिने आवाज आणखी खाली आणला. "तुला ती दोन्ही सारखीच दिसतात. हो ना?"

बाबा वाफ्याच्या कडेवर बसले. नखातली माती काढत बसले.

"रेल्वेची परीक्षा आठवते तुला?" शेवटी ते म्हणाले. "लेखी पास झालो होतो. मग त्यांनी ठिपक्यांचं पुस्तक पुढे केलं. म्हणाले, यात कुठला आकडा दिसतो? मला नुसते ठिपके. बाकीची मुलं धडाधड आकडे सांगत होती. मला वाटलं, ते माझी चेष्टा करतायत."

"तू घरी येऊन म्हणालास, नोकरी आवडली नाही. फार आवाज असतो."

"तू महिनाभर माझ्याशी बोलली नव्हतीस."

"मला वाटलं, आळशीपणा करतोयस." आत्याचा आवाज चिरकला. "चाळीस वर्षं मला तसंच वाटत होतं."

"तेव्हा आळशी म्हटलेलं बरं वाटलं," बाबा म्हणाले.

आत्याने टोपली खाली ठेवली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, लहान भावाच्या फिरवतात तसा. बराच वेळ.

"हिला कधीच नाही सांगितलंस?"

"पहिल्यांदा भेटलो तेव्हा हिने विचारलं, माझ्या स्वेटरचा रंग कसा आहे? मी म्हटलं, छान. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं 'छान'वरच भागवतोय." मग त्यांनी मान वर केली आणि मास्तरांच्या खिडकीकडे पाहिलं. "पण मास्तरांची पेटी भरलेली आहे. म्हणजे आज सांगायला हवं."

६

दुपारच्या जेवणाला आम्ही सगळ्यांना एकत्र बोलावलं. सूप वाढून झालं आणि बाबा उभे राहिले. आमच्या घरात बाबा कधी उभं राहून बोलत नाहीत, त्यामुळे आईने चमचा खाली ठेवला.

"मास्तरांनी काही केलेलं नाही," ते म्हणाले. "कुणीच केलेलं नाही. मी झाकणं उलटी लावली. मला लाल आणि हिरवा वेगळे ओळखता येत नाहीत. जन्मापासून."

चित्रकार बाईंचा हात तोंडाशी गेला. "म्हणजे ते फूल..."

"मला खरंच दिसलं नाही हो."

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग तांबडा झाला, मग ती कुठेतरी लांब बघायला लागली.

"स्वयंपाकघराचं दार," ती म्हणाली.

"दाराचं काय?"

"बारा वर्षांपूर्वी मी तुम्हाला म्हटलं, हिरवं रंगवा. तुम्ही विटेसारखं लाल रंगवलंत. आदल्या दिवशी आपलं कडाक्याचं भांडण झालं होतं. मला वाटलं, मुद्दाम केलंत. मी तोंडातून एक शब्द काढला नाही."

"म्हणून तर मला वाटलं, तुला आवडलं!"

"मी रागाने गप्प होते!"

"मी आनंदात होतो!"

पहिली हसली ती आत्या. मग जोडप्यातली मुलगी, मग सगळेच. आई हसता हसता डोळे पुसत होती, पण पुसून होईनात. शेवटी ती उठली, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली आणि मास्तरांकडे वळली.

"मास्तर, मी चुकले. तोंडाला येईल ते बोलले. पेटी रिकामी करा. आणि माझ्या पाटीवरच्या सातव्या नियमात शुद्धलेखनाची चूक आहे म्हणत होतात, ती दाखवा."

"चौथ्यातही आहे," मास्तर म्हणाले. त्यांचं समाधान झालं होतं.

मास्तरांनी सकाळीच जिन्याखाली आणून ठेवलेली पेटी परत वर नेताना तिचं झाकण उघडलं आणि नकाशांच्या पुस्तकातून चित्रं जिनाभर पसरली. बाई एकेक उचलत वर चढल्या. सगळ्यात वरच्या पायरीवर डुलकी घेणारे मास्तर हातात आले, तेव्हा त्या म्हणाल्या, "यात नाक चुकलंय. परत बसावं लागेल तुम्हाला." मास्तरांनी साडेदहाच्या बसचं नाव पुन्हा काढलं नाही.

रविवारची दुपार सगळ्यांनी अंगणात हातमोजे घालून काढली. थर आधीच वेगळे होते, त्यामुळे काम तासाभरात उरकलं. चहाच्या दोऱ्याचा वादही तिथेच मिटला. आत्याने पुडी सोडवली, चोथा एकीकडे, कागद दुसरीकडे, आणि दोरा बोटाला गुंडाळून स्वतःच्या खिशात टाकला. "हा वादग्रस्त माल मी जप्त केला," ती म्हणाली.

मग बाईंनी पांढरा रंग काढला. झाकणांवर आणि डब्यांच्या पोटावरही, एकावर माशाचा काटा, एकावर घडीचा कागद, एकावर बाटली. काट्याचं झाकण काट्याच्याच डब्यावर. बाबांनी डोळे मिटून, नुसतं बोट फिरवून तिन्ही झाकणं लावून दाखवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

७

निरीक्षक ठीक दहाला आले. घडी न मोडलेला शर्ट, हातात वही. आई खुलासा पाठ करून उभी होती, पण बाबाच पुढे झाले आणि दोन वाक्यांत सगळं सांगून मोकळे झाले. त्यांना पुन्हा सांगायला फारसं जड गेलेलं दिसलं नाही.

निरीक्षकांनी पिशव्या पाहिल्या. झाकणं उचलून परत लावली. काटा, कागद, बाटली. खिशातून फोन काढून फोटो घेतला.

"हे कार्यालयात दाखवतो," ते म्हणाले. "तुमच्यासारखे आणखी असणार. आम्हाला सुचायला हवं होतं." त्यांनी पिवळ्या चिठ्ठ्या सोलून काढल्या. "परवाना राहिला. फक्त भिंतीवरची ती अकरा नियमांची पाटी जरा लहान करा. मी पाचव्या नियमापर्यंत आलो आणि धापच लागली."

आईने त्यांना चहाला थांबवलं. तेवढ्या वेळात मास्तरांनी तिची पाटी तीन ओळींवर आणली.

संध्याकाळी काम आवरून मी दिवे लावायला बाहेर आले, तर आई आणि बाबा तळ्याकडच्या पायरीवर बसले होते. सूर्य बुडायला आला होता. आई काहीतरी समजावून सांगत होती आणि बाबा शाळेतल्या मुलासारखं कान देऊन ऐकत होते.

"लाल म्हणजे..." ती अडली. इकडेतिकडे बघितलं. "अहो, कसं सांगू? मी तुमच्यावर ओरडते ना, तो आवाज कसा असतो? तसा असतो लाल."

बाबांनी थोडा विचार केला.

"मग तो मला ओळखता येतो," ते म्हणाले. "पार बसथांब्यावरूनसुद्धा."

आईने त्यांच्या दंडावर चापटी मारली, आणि हिरवा कसा असतो ते सांगायला लागली.